चंद्रावर जायचे पैसे कोणाचे?

२०२५ च्या जानेवारीत इलॉन मस्क यांनी जाहीर केले होते की चंद्र म्हणजे लक्ष विचलित करणारी गोष्ट आहे, आम्ही थेट मंगळावर जाणार. २०२६ च्या फेब्रुवारीत त्यांनीच सांगितले की स्पेसएक्सने आपला भर चंद्राकडे वळवला आहे, तिथे आपले आपण वाढत जाणारे शहर उभारायचे आहे, आणि हे काम दहा वर्षांच्या आत होऊ शकते. मंगळाला वीसहून अधिक वर्षे लागतील. दोन विधानांमध्ये साधारण वर्षभराचे अंतर आहे. एवढ्या काळात चंद्राविषयी हा पालट समजावून देईल असे नवे काही कळलेले नाही. तरीही दुसऱ्या घोषणेनंतर तर्कांना उधाण आले, आणि त्या तर्कांच्या मुळाशी एकच युक्तिवाद पुन्हा पुन्हा दिसतो. या कंपनीला आजवर जे जे हसले ते तोंडघशी पडले. ती खासगी आहे, तिला सरकारी लालफीत नाही. तेव्हा चंद्रही ती सरकारांच्या आधी आणि सरकारांपेक्षा स्वस्तात गाठणार. आपल्याकडे याला आणखी एक शेपूट जोडले जाते: इस्रोनेही आता बाजूला व्हावे आणि मैदान उद्योजकांना मोकळे करून द्यावे. हा युक्तिवाद मला मुळातच चुकीचा वाटतो. चंद्राच्या बाबतीत कोणती योजना तडीस जाईल आणि कोणती हवेत विरेल, हे कंपनी खासगी आहे की सरकारी यावरून ठरलेले नाही. पैसे कोणी दिले, कोणत्या टप्प्यासाठी दिले आणि टप्पा चुकला तर जाब विचारायचा अधिकार कोणाकडे होता, यावरून ते ठरले आहे. गेल्या वीस वर्षांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

कंपनीच्या पदरात जे आहे ते आधी मान्य करू. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला. मार्च २०१७ मध्ये एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. आज ही गोष्ट इतकी नेहमीची झाली आहे की तिची बातमीही होत नाही. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचा सत्तर मीटर उंचीचा बूस्टर परत येऊन प्रक्षेपण मनोऱ्याच्या यांत्रिक हातांमध्ये अलगद विसावला. अवकाश तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे दृश्य पूर्वी कधी दिसले नव्हते. हे सारे खरे आहे आणि त्याचे श्रेय तिथल्या अभियंत्यांना पुरेपूर मिळाले पाहिजे. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष निराळा आहे. पृथ्वीच्या नजीकच्या कक्षेत उपग्रह वारंवार आणि स्वस्तात नेणाऱ्या कंपनीने चंद्राविषयी केलेली विधानेही तितकीच भरवशाची मानायची, असे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीताची परीक्षा करणे अवघड नाही. याच कंपनीने चंद्राविषयी यापूर्वी काय काय जाहीर केले होते आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच पाहायचे.

२७ फेब्रुवारी २०१७ रोजी स्पेसएक्सने जाहीर केले की दोन खासगी प्रवाशांनी चंद्राला फेरी मारून येण्यासाठी मोठी अनामत भरली आहे आणि २०१८ च्या अखेरीस फाल्कन हेवी रॉकेटवरून, ड्रॅगन यानातून ते निघतील. त्या दिवशी फाल्कन हेवीचे एकही उड्डाण झालेले नव्हते आणि माणसे नेणारे ड्रॅगन तयार व्हायचे होते. फाल्कन हेवी फेब्रुवारी २०१८ मध्ये उडाले आणि उत्तम उडाले. त्याच सुमारास मस्क यांनी सांगितले की या रॉकेटला मानवी प्रवासासाठी पात्र ठरवण्याचा कंपनीचा विचार राहिलेला नाही. दोन प्रवाशांची फेरी तिथेच संपली. सप्टेंबर २०१८ मध्ये तीच कल्पना नव्या रूपात आली. जपानी उद्योजक युसाकू माएझावा सहा ते आठ कलावंतांना घेऊन २०२३ मध्ये स्टारशिपमधून चंद्राला वळसा घालणार होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी सहप्रवाशांची नावे जाहीर केली, तेव्हा ‘बालवीर’ मालिकेमुळे घराघरांत पोचलेला देव जोशी हा भारतीय अभिनेताही त्यांत होता, आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी भारतीय तरुण चंद्राकडे निघाल्याच्या बातम्या दिल्या. १ जून २०२४ रोजी माएझावांनी मोहीम रद्द केली. यान कधी तयार होईल हेच कळत नाही, अशा स्थितीत सहप्रवाशांना ताटकळत ठेवणे त्यांना योग्य वाटले नाही. दरम्यान, ऑक्टोबर २०२२ मध्ये डेनिस टिटो आणि त्यांच्या पत्नीनेही चंद्रफेरीची तिकिटे काढली होती. २००१ मध्ये स्वतःच्या खर्चाने अंतराळ स्थानकावर जाणारे टिटो हे पहिलेच प्रवासी. त्यांची फेरीही झालेली नाही. थोडक्यात, केवळ ग्राहकाच्या पैशावर आखलेली या कंपनीची एकही चंद्रयात्रा अजून जमिनीवरून हललेली नाही.

हे एकट्या स्पेसएक्सचे अपयश म्हणून मी सांगत नाही, कारण स्पेसएक्सच्या बाहेरही चित्र फारसे निराळे नाही. २००७ मध्ये गूगलच्या पैशावर चंद्रस्पर्धा जाहीर झाली. सरकारी पैशाचा मोठा वाटा न घेता चंद्रावर यान उतरवायचे, पाचशे मीटर चालवायचे आणि चित्रे पाठवायची. बक्षिसांची एकूण रक्कम तीन कोटी डॉलर. मुदत वाढवत वाढवत मार्च २०१८ पर्यंत नेली तरी एकही संघ निघू शकला नाही आणि पहिले बक्षीस कोणालाच न देता स्पर्धा गुंडाळावी लागली. बंगळुरूचा टीमइंडस हा संघ शेवटच्या पाचांत होता. त्याने यान उतरवण्याच्या तंत्रासाठी दहा लाख डॉलरचे मधले बक्षीस जिंकले होते, रतन टाटांसारख्यांनी त्यात पैसे घातले होते, आणि पीएसएलव्ही रॉकेटवरून प्रक्षेपणासाठी इस्रोच्या अँट्रिक्स या व्यापारी शाखेशी करारही झाला होता. तो करार २०१८ च्या सुरुवातीला सुटला. त्या तरुण अभियंत्यांत गुणवत्तेची वाण नव्हती. एवढ्या खर्चाचा, एवढ्या धोक्याचा आणि परताव्याची खात्री नसलेला प्रकल्प शेवटपर्यंत ओढून नेणारा खरेदीदार त्यांच्या पाठीशी नव्हता. इस्रायलचे बेरेशीट मुख्यतः देणग्यांवर उभे राहिले, चंद्राच्या कक्षेत पोचले आणि एप्रिल २०१९ मध्ये उतरताना कोसळले. जपानच्या आयस्पेसने बाजारातून भांडवल उभारून दोन याने पाठवली. एप्रिल २०२३ आणि जून २०२५ मध्ये दोन्ही कोसळली. म्हणजे खासगी भांडवलावर चंद्रापर्यंत जाता येते, हे सिद्ध झाले आहे. तिथे धड उतरून काम करणे मात्र अजून साधलेले नाही.

आता दुसरी बाजू पाहू. स्पेसएक्स आज जिथे आहे तिथे कशी पोचली? २००६ मध्ये नासाने अंतराळ स्थानकाला माल पुरवण्याच्या नव्या सेवेसाठी कंपन्यांशी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचे करार केले आणि स्पेसएक्स त्यांतली एक होती. सप्टेंबर २००८ मध्ये फाल्कन १ चौथ्या प्रयत्नात कक्षेत गेले, तेव्हा कंपनीच्या तिजोरीत जवळजवळ काही उरले नव्हते. त्या डिसेंबरात नासाने बारा मालवाहू फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचा करार दिला. त्या कराराने कंपनी वाचली, हे मस्क यांनी स्वतः अनेकदा कृतज्ञतेने सांगितले आहे. २०१४ मध्ये अंतराळवीरांच्या ने-आणीचा २६० कोटी डॉलरचा करार झाला. एप्रिल २०२१ मध्ये चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या यानासाठी २८९ कोटी डॉलर आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या अवतरणासाठी आणखी सुमारे ११५ कोटी डॉलर मिळाले. छोट्या यानांचीही गोष्ट हीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंट्युइटिव्ह मशीन्सचे ओडीसियस चंद्रावर उतरले, कलंडले, तरी बोलत राहिले. २ मार्च २०२५ रोजी फायरफ्लाय कंपनीचे ब्लू घोस्ट पूर्ण यशस्वीपणे, उभे उतरले. दोन्ही कंपन्या खासगी, आणि दोन्ही मोहिमांची मुख्य ग्राहक नासा. खासगी यानांची सेवा विकत घेण्याच्या नासाच्या याच योजनेतले ॲस्ट्रोबॉटिकचे पेरेग्रीन जानेवारी २०२४ मध्ये इंधनगळतीमुळे चंद्रापर्यंत पोचलेच नाही, आणि इंट्युइटिव्ह मशीन्सचे दुसरे यान आडवे पडून दिवसभरात निकामी झाले. तरीही योजना बंद पडली नाही, कारण काही प्रयत्न फसतील हे धरूनच नासाने अनेक कंपन्यांना कामे वाटून दिली होती. अपयश पचवण्याची ही ताकद तिकीट काढणाऱ्या धनिकाजवळ नसते आणि बक्षिसाच्या रकमेतही नसते.

खासगी विरुद्ध सरकारी ही विभागणीच मुळात इतिहासाला धरून नाही. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन ज्या यानातून चंद्रावर उतरले ते ग्रमन या खासगी कंपनीने बांधले होते. सॅटर्न ५ रॉकेटचे तीन टप्पे बोइंग, नॉर्थ अमेरिकन आणि डग्लस या तीन खासगी कंपन्यांनी बांधले. आज नासाच्या ज्या एसएलएस रॉकेटकडे सरकारी संथपणाचा नमुना म्हणून बोट दाखवले जाते, त्याचा गाभाही बोइंगच बांधते, आणि त्यावरचे ओरायन यान लॉकहीड मार्टिन. फरक पडला तो कराराच्या घाटामुळे. एसएलएसचा करार खर्च अधिक नफा अशा पद्धतीचा आहे. खर्च जितका वाढेल तितका सरकारने सोसायचा, त्यामुळे उशिराची झळ कंत्राटदाराला लागत नाही. २०२२ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी अमेरिकन संसदेला सांगितले की नासाच्या आर्टेमिस या चंद्रमोहिमेतल्या पहिल्या चार उड्डाणांचा खर्च प्रत्येकी ४१० कोटी डॉलर पडेल आणि तो परवडणारा नाही. स्पेसएक्सशी झालेले करार मात्र ठरलेल्या रकमेचे आहेत. वरचा खर्च कंपनीने सोसायचा. ही सुधारणा फार मोठी आहे आणि तिचे श्रेय ती आखणाऱ्या नासातल्या अधिकाऱ्यांनाही द्यायला हवे. पण ठरलेल्या रकमेचा करार झाला की काम होतेच, असेही नाही. बोइंगच्या स्टारलायनर या अंतराळवीर नेणाऱ्या यानाचा ४२० कोटी डॉलरचा करार असाच होता. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून सुमारे आठवड्याभरासाठी अंतराळ स्थानकावर गेले आणि नऊ महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, ड्रॅगनमधून परतले. ते सुखरूप परत आले याचे कारण नासाने एका कामासाठी दोन कंपन्या ठेवल्या होत्या आणि स्टारलायनरमधून त्यांना परत आणायचे नाही, हा निर्णय घेण्याचा अधिकार स्वतःकडे राखला होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा घेतला जातो की स्टारशिपच्या बाबतीत हे सारे गैरलागू आहे. कंपनी स्वतःच सांगते की या प्रणालीचा नव्वद टक्क्यांहून अधिक खर्च तिने आपल्या खिशातून केला आहे. मग नासाचे चारशे कोटी डॉलर म्हणजे एकूण खर्चातला लहानसा हिस्सा. ब्लू ओरिजिन या आपल्या अवकाश कंपनीतही जेफ बेझोस यांनी वर्षानुवर्षे ॲमेझॉनचे शेअर विकून पैसा ओतला आहे. आकडा मी खरा धरून चालतो. पण तो पैसा कशासाठी खर्च झाला, हे पाहिल्यावर आक्षेपाची धार बोथट होते. स्टारशिप हे आधी स्टारलिंक या कंपनीच्याच इंटरनेट सेवेचे मोठे उपग्रह घाऊक प्रमाणात नेणारे वाहन आहे आणि मग मंगळाच्या स्वप्नाचे वाहन आहे. चंद्रावर उतरायला लागणारे पाय, वरच्या भागात बसवायची उतरण्याची इंजिने, अंतराळवीरांना पन्नास मीटर उंच यानातून खाली आणणारी लिफ्ट, जीवनरक्षक व्यवस्था, ओरायनशी जोडणी, यांतल्या एकाही गोष्टीला स्टारलिंकच्या व्यवसायात स्थान नाही. त्या करारापोटी होत आहेत. ज्या महिन्यात मालकांनी चंद्राला लक्ष विचलित करणारी गोष्ट म्हटले, त्या महिन्यातही त्यांच्या कंपनीत चंद्रयानावर काम चालूच होते, ते याच कारणाने. मालकांचे मन मंगळावर होते आणि सही केलेला कागद चंद्राचा होता. काम कागदाप्रमाणे चालले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नासाचे तत्कालीन हंगामी प्रमुख शॉन डफी यांनी जाहीरपणे म्हटले की स्पेसएक्स मागे पडली आहे आणि चंद्रावर माणूस उतरवण्याचे हे काम इतर कंपन्यांसाठीही खुले करू. काही दिवसांतच कंपनीने सविस्तर निवेदन काढले, ४९ टप्पे पूर्ण झाल्याचे सांगितले आणि सोपी केलेली मोहीम नासासमोर मांडल्याचे कळवले. माएझावा सहा वर्षे वाट पाहून दूर झाले. त्यांना असे निवेदन मिळाले नव्हते. जाब विचारणारा कोण आहे, यावर उत्तराची तत्परता किती अवलंबून असते ते इथे दिसते.

आता प्रत्यक्ष तंत्राकडे वळू, कारण तर्क लढवणाऱ्यांना सर्वांत अवघड असा भाग नेमका वगळायची सवय आहे. स्टारशिप पृथ्वीच्या कक्षेत पोचते तेव्हा तिच्या टाक्या जवळजवळ रिकाम्या झालेल्या असतात. तिथून चंद्रापर्यंत जाऊन उतरायचे आणि पुन्हा वर यायचे तर हजार टनांच्या घरातला द्रव प्राणवायू आणि द्रव मिथेन तिच्यात कक्षेतच भरावा लागतो. त्यासाठी आधी एक साठवण यान वर ठेवायचे, मग टँकर-यानांच्या खेपा करून ते भरायचे, आणि शेवटी चंद्रयानाने त्यातून आपल्या टाक्या भरून घ्यायच्या. खेपा किती लागतील यावर कंपनीत आणि नासात एकमत दिसलेले नाही. २०२१ मध्ये मस्क यांचे म्हणणे होते की जास्तीत जास्त आठ. २०२३ च्या अखेरीस नासाच्या अधिकाऱ्यांनी आकडा पंधरा ते वीसच्या दरम्यान सांगितला. हा फरक का पडतो तेही समजण्यासारखे आहे. प्राणवायू उणे १८३ अंशांना आणि मिथेन उणे १६२ अंशांना उकळतो, आणि कक्षेत दर दीड तासाने यानावर ऊन येते. उन्हाळ्यात फुटक्या हौदात टँकरने पाणी भरावे तसे हे काम आहे: दोन खेपांमधले अंतर वाढले की तेवढे इंधन वाफ होऊन जाते आणि आणखी खेपा घालाव्या लागतात. म्हणून नुसते रॉकेट उडून भागत नाही; ते काही दिवसांच्या अंतराने, एकामागून एक, न चुकता उडावे लागते. वजनरहित अवस्थेत टाकीतला द्रव तळाशी राहत नाही, गोळ्यांच्या रूपात तरंगतो. दोन याने जोडून, त्यांना किंचित धक्का देत तो एका बाजूला साचवून पलीकडे न्यायचा असतो. मार्च २०२४ च्या उड्डाणात एकाच यानाच्या एका टाकीतून दुसऱ्या टाकीत थोडा प्राणवायू नेण्याचा प्रयोग झाला. एका यानातून दुसऱ्या यानात एवढ्या प्रमाणावर अतिशीत इंधन आजवर कोणी भरलेले नाही. २०२५ च्या अखेरपर्यंत स्टारशिपची अकरा चाचणी उड्डाणे झाली. ती मुद्दामच कक्षेला किंचित कमी पडतील अशी आखलेली होती. त्या वर्षी जानेवारीत आणि मार्चमध्ये वरचे यान चढतानाच नष्ट झाले आणि जूनमध्ये एक यान चाचणीतळावरच फुटले. ऑगस्ट आणि ऑक्टोबरची उड्डाणे मात्र चांगली पार पडली. म्हणजे प्रगती नक्की होते आहे. पण दहा वर्षांत चंद्रावर शहर म्हणणाऱ्याने आधी पहिली दोन याने कक्षेत जोडून एकातून दुसऱ्यात इंधन नेऊन दाखवायचे आहे, आणि त्यानंतर निर्मनुष्य यान चंद्रावर उतरवून परत उडवायचे आहे. शहराची भाषा त्याच्या कितीतरी पलीकडची आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो. उशीर झाला म्हणून काय बिघडले? ड्रॅगनही माणसे घेऊन २०१७ ला उडणार होते, २०२० च्या मे महिन्यात उडाले, पण उडालेच ना! हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला बळ देतो. ड्रॅगनच्या उशिरात काय काय घडले ते आठवावे. पॅराशूट पुन्हा पुन्हा तपासली गेली. एप्रिल २०१९ मध्ये चाचणीच्या वेळी जमिनीवरच यान फुटले, त्याचे कारण एका झडपेत सापडले, आणि ती रचना बदलली गेली. या सगळ्यावर बाहेरच्या डोळ्यांची नजर होती आणि पुढचा हप्ता पुढच्या चाचणीवर अवलंबून होता. करारातल्या कामाला उशीर झाला की कारण शोधावे लागते, दुरुस्त करावे लागते. घोषणेतल्या कामाला उशीर झाला की त्याच्या जागी नवी घोषणा येते. २०१७ ची फेरी २०१८ मध्ये दुसऱ्या फेरीने झाकली गेली, ती फेरी मंगळाच्या आराखड्यांनी, आणि आता मंगळ चंद्रावरच्या शहराने. म्हणून दोन्ही प्रकारच्या उशिरांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. नासाच्या करारालाही उशीर झालाच आहे. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात दाखवून दिले होते की नासाने या यानासाठी ठेवलेली मुदत तिच्याच मोठ्या प्रकल्पांना सरासरी लागणाऱ्या काळाहून तेरा महिन्यांनी कमी आहे. मुळात २०२४ साठी ठरलेले मानवी अवतरण सरकत सरकत २०२८ कडे गेले आहे आणि तेही गाठले जाईल याविषयी मी साशंक आहे. पण हा अहवाल निदान सर्वांसमोर आहे आणि कोणालाही वाचता येतो. टिटोंची फेरी कुठवर आली आहे, याचा असा अहवाल कुठेच नाही.

तेव्हा कंपनीच्या पुढच्या चंद्रयोजनांविषयी तर्क करायचाच असेल तर मी असा करीन. कक्षेतले इंधन भरणे साधेल. कदाचित ठरवल्यापेक्षा वर्ष-दीड वर्ष उशिराने, पण साधेल, कारण त्यात करार, मंगळ आणि लष्करी उपयोग अशा तिघांचाही स्वार्थ गुंतलेला आहे. निर्मनुष्य अवतरण त्यानंतर होईल आणि पहिल्या प्रयत्नात फसले तर मला आश्चर्य वाटणार नाही. माणसे उतरतील ती नासाच्या मोहिमेतून, नासाने परवानगी दिल्यावरच, आणि ते यान स्पेसएक्सचे असेल की ब्लू ओरिजिनचे हे आजच छातीठोकपणे सांगता येणार नाही. ब्लू ओरिजिनला २०२३ च्या मे महिन्यात ३४० कोटी डॉलरचा करार मिळालेलाच आहे आणि तिनेही आता पर्यटकांच्या लहान उड्डाणांना विराम देऊन चंद्रावर लक्ष एकवटले आहे. शहराचे म्हणाल तर त्याला आज कोणी खरेदीदार नाही. चंद्रावरून पृथ्वीवर विकत घेण्यासारखे काय येणार, तिथे राहणाऱ्याचे भाडे कोण भरणार, याचे उत्तर कोणत्याही घोषणेत दिलेले नाही. ज्या दिवशी एखादे सरकार किंवा सरकारांचा गट तिथल्या तळासाठी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचा करार करील, त्या दिवसापासून मी त्या शहराचा विचार योजना म्हणून करीन.

आपल्याकडे या चर्चेचा जो उपयोग केला जातो तो मला सर्वांत घातक वाटतो. स्पेसएक्सकडे पाहा आणि इस्रोला बाजूला सारा, असे म्हणणाऱ्यांना स्पेसएक्सची कहाणी उलटी वाचायची आहे. नासा बाजूला झाली नाही. ती अधिक चांगली खरेदीदार झाली. भारतीय उद्योग काही अवकाशाला परका नाही. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग वर्षानुवर्षे बनत आले आहेत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने आपल्या रॉकेटांच्या बूस्टरची कवचे बनवली आहेत. उणीव आहे ती कामगिरीच्या टप्प्यांवर पैसे देणाऱ्या, दोन-तीन कंपन्यांना एकाच वेळी संधी देणाऱ्या आणि काही फसतील हे गृहीत धरणाऱ्या करारांची. टीमइंडस २०१८ मध्ये अडला तेव्हा इस्रोने त्याच्याकडून चंद्रावर काही उपकरणे नेण्याची सेवा आगाऊ विकत घेतली असती, तर तो संघ उतरला असता की कोसळला असता हे कोणी सांगू शकत नाही. पण आज आपल्याजवळ चंद्रयान बांधण्याचा अनुभव असलेली एक कंपनी असती. चांद्रयान ३ ने २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ६१५ कोटी रुपयांत जे साधले, त्यामागे २०१९ मध्ये उतरताना कोसळलेल्या विक्रम या यानाच्या अपयशाचा खर्च सरकारने सोसला होता हे विसरता येत नाही. चांद्रयान ४ साठी मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर केले आहेत. चंद्रावरची माती आणायची ही मोहीम दोन प्रक्षेपणांत विभागलेली आहे आणि तिला लागणारे, कक्षेत याने जोडण्याचे तंत्र जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने दाखवून दिले. या मोहिमेतला एखादा सुटा भाग, निदान पुढच्या मोहिमेतली मालवाहतूक, ठरलेल्या रकमेच्या आणि उघड टप्प्यांच्या करारावर भारतीय कंपन्यांना देता येईल. आपल्या धोरणकर्त्यांनी उचलायचा धडा हा आहे.

शेवटचा आक्षेप चीनचा. चीन २०३० पर्यंत माणूस उतरवणार म्हणतो, त्याच्या लान्युए यानाची उतरण्या-उडण्याची चाचणी ऑगस्ट २०२५ मध्ये झाली आहे. अशा घाईच्या वेळी कंपन्यांना प्रश्न विचारत बसू नये, असे अमेरिकेत बोलले जाते आणि त्याचे पडसाद इथेही उमटतात. घाई असेल तर प्रश्न अधिक विचारले पाहिजेत. १९६७ च्या जानेवारीत अपोलो १ च्या तीन अंतराळवीरांचा जमिनीवरच्या चाचणीत आगीत मृत्यू झाला, तोही घाईचाच काळ होता. त्यानंतर वीस महिने माणसांची उड्डाणे थांबली, यानाची रचना बदलली गेली, आणि तरी अडीच वर्षांत चंद्र गाठला गेला. स्पेसएक्सच्या करारातले टप्पे कोणते, त्यांतले किती पूर्ण झाले, कोणत्या टप्प्यावर किती पैसे दिले गेले आणि कोणते लांबले, हे नासाने वेळोवेळी स्वतः प्रसिद्ध करावे. आज ४९ टप्प्यांचा आकडा कंपनीच्या निवेदनातून कळतो आणि त्यातले अवघड किती, सोपे किती, हे वाचकाला ठरवता येत नाही. ज्या अमेरिकन करदात्याने चारशे कोटी डॉलर देऊ केले आहेत, त्याला हा तक्ता मागण्याचा हक्क आहे. उद्या भारतीय कंपन्यांशी असे करार होतील तेव्हा तोच हक्क आपल्यालाही करारातच लिहून घ्यावा लागेल.